संतांची घरं आणि आपली लेकरं



पांडुरंगाच्या कृपेनं आणि आपल्यासारख्या संतसज्जनांच्या आशीर्वादानं आजची ही सेवा घडते आहे. वाशीमच्या बालाजीला आणि पंढरीच्या विठुरायाला साष्टांग दंडवत घालून विषयाला हात घालतो.

आजचा विषय लहान लेकरांचा आहे. मोठ्यांनो, तुम्ही म्हणाल, महाराज, लेकरांना कीर्तन काय कळतं? अहो, लेकरंच तर पुढं बसतात. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटता, ते टक लावून पाहतात. आणि कीर्तन झाल्यावर प्रश्न कोण विचारतं? तेच.

एकदा ज्ञानोबा-मुक्ताईंचं चरित्र सांगून खाली उतरलो, तर दुसरीतली एक पोरगी पायाशी आली. दर्शन घेतलं आणि म्हणाली, "महाराज, ज्ञानोबाचे माय-बाप नव्हते, तर त्याच्या पुस्तकावर सही कोण करे?"

माउली, चाळीस वर्षं ज्ञानोबांचं चरित्र सांगतो, पण हा प्रश्न कोण्या पंडितानं कधी विचारला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की तिच्याही वहीवर सही करायला घरी बाप नाही. आजी आहे, ती अंगठा लावते. चरित्रात ती पोरगी स्वतःचं घर शोधत होती.

म्हणून आज हा विचार करू की घराघरांत फरक असतो हे लेकरांना कसं सांगावं. आणि सांगताना कोणाच्या लेकराची मान खाली जाणार नाही, हे कसं सांभाळावं.

आता पहिलीच्या पुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढं आणा. आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी, आजी-आजोबा. सगळे हसतात. चित्र चांगलं आहे, त्याला नाव ठेवायचं नाही. ज्याच्या घरी असं आहे त्यानं देवाचे आभार मानावे. पण वर्गातल्या सगळ्या लेकरांचं घर त्या चित्रासारखं असतं का? आणि नसलं, तर ते घर नव्हे का?

हे मला विचारू नका. संतांना विचारू. चला, एकेका संताच्या दारात उभं राहून आत डोकावू.

पहिलं दार नामदेवरायांचं. परंपरा त्यांचं मूळ आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला मानते. काय ते भरलेलं घर! वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, चार मुलगे, चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई. आणि या गर्दीत आणखी एक, जनाबाई. गंगाखेडची पोर, लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली. रक्ताचं नातं काही नाही. कामाला आलेली. पण सांगा, आज नामदेवांच्या घरातलं, नामदेवांच्या खालोखाल, कोणाचं नाव घराघरांत आहे? चार मुलांची नावं विचारली तर तुमच्यातले निम्मे अडखळतील. जनीचं नाव जात्यावर बसणारी प्रत्येक माय घेत आली. जनी त्या घरात जन्मली नाही, पण ते घर तिच्यामुळं ओळखलं गेलं.

दुसरं दार आळंदीचं. आई-वडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला. मागं राहिली चार लेकरं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. समाजानं त्यांना काय म्हटलं ते माहीत आहे ना? संन्याशाची पोरं! दोष मानला आई-बापाचा आणि शिक्षा कोणाला? लेकरांना. मांडे भाजायला मुक्ताईला कोणी खापर देईना, असं सांगतात. मग त्या घरात बाप कोण झाला? थोरला भाऊ निवृत्ती. बापही तोच, गुरूही तोच. आणि माय कोण झाली? सगळ्यांत धाकटी मुक्ताई! ज्ञानोबा रुसून दार लावून बसले तेव्हा समजूत कोणी घातली? तिनंच. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. चार भावंडांचं घर, वर कोणी मोठं माणूस नाही. त्या घरातून ज्ञानेश्वरी निघाली, माउली. आणि जगानं 'माउली' म्हणावं तर कोणाला? ज्याला लहानपणीच आई उरली नाही त्याला.

तिसरं दार पैठणचं. नाथबाबांचे आई-वडील अगदी लहानपणी गेले. आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. म्हणजे एकनाथ महाराज आज शाळेत गेले असते तर पालकसभेला आजोबा आले असते.

चौथं दार चोखोबांचं. परंपरा त्यांचं गाव बुलडाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा सांगते, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलं. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. सगळेच अभंग रचणारे. गावानं त्या घराला वेशीबाहेर ठेवलं, पण देवाला त्या घराचा रस्ता सापडत होता.

पाचवं दार देहूचं. तुकोबांचा थोरला भाऊ सावजी. त्याची बायको गेली आणि तो तीर्थाला निघून गेला. दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. मग जिजाईनं ते घर ओढलं. आणि सहावं दार मंगळवेढ्याचं. कान्होपात्रा. तिला आई होती, शामा, गणिका. बापाचं नाव लावायला नव्हतं. त्या लेकीला पांडुरंगानं पायाशी जागा दिली.

किती दारं झाली? सहा. आणि पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळणारं घर किती? मोजा तुम्हीच.

बरं, संतांचं सोडा. देवाचं घर बघू. लेकरं पंढरपूरला गेली की हटकून विचारतात, "आई, विठोबा इथं आणि रखुमाई तिकडं वेगळ्या देवळात का?" आणि आपण काय करतो? "गप्प बस, देवाबद्दल असं विचारू नये." का विचारू नये? कथा सांगा की! रुक्मिणीमाता रुसली, दिंडीरवनात येऊन राहिली, देव तिला शोधत आले, तिथं पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता, त्यानं वीट दिली आणि देव उभे राहिले. दोघांची राउळं वेगळी, पण नाव घेताना आपण एका दमात घेतो, विठ्ठल-रखुमाई. आपल्या बालाजीचंही तसंच. तिरुपतीला देव डोंगरावर आणि पद्मावतीमाता खाली तिरुचानूरला. लेकरांना एवढं सांगितलं की आपोआप कळतं, माणसं कधी वेगळ्या छताखाली राहतात आणि तरी एकमेकांची असतात.

आणि कृष्ण! कृष्णाला आया किती? वर्गात विचारून पाहा. एक पोरगा म्हणेल देवकी, दुसरा म्हणेल यशोदा, दोघांचं भांडण लागेल. मग सांगा, दोघीही. एकीनं जन्म दिला, एकीनं लोणी भरवलं, कान पिळला, उखळाला बांधलं. देवकीनंदन म्हटलं तरी तो ओ देतो आणि यशोदेचा कान्हा म्हटलं तरी ओ देतो. ज्याच्या घरी दोन आया आहेत, एक गेलेली आणि एक आलेली, किंवा एक जन्माची आणि एक दत्तकाची, त्या लेकरासाठी याहून मोठा आधार कोणता?

आता एक कथा नीट सांगतो. छांदोग्य उपनिषदात आहे. लेकरांना निजताना सांगा.

सत्यकाम नावाचा मुलगा होता. त्याला शिकायचं होतं. तेव्हा गुरूकडं जायचं तर गोत्र सांगावं लागे. म्हणजे शाळेत नाव घालताना आपण 'वडिलांचे नाव' लिहितो, तसाच तो रकाना समजा. सत्यकामानं आईला विचारलं, "माय, माझं गोत्र काय?" आईचं नाव जबाला. ती म्हणाली, "बाळा, तरुणपणी मी चार घरी सेवा करत फिरले, तेव्हा तू झालास. तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं नाव सत्यकाम. तू सांग, मी सत्यकाम जाबाल."

माउली, त्या बाईचं धैर्य बघा. खोटं गोत्र सांगता आलं नसतं का? कोण विचारायला येणार होतं? पण ती लेकराशी खोटं बोलली नाही. आणि रडलीही नाही, कपाळ बडवलं नाही. सरळ सांगितलं.

पोरगा गेला हारिद्रुमत गौतम ऋषींकडं. त्यांनी विचारलं, गोत्र? यानं आईनं सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. आता जरा थांबा. ऋषींच्या जागी आपण असतो तर? भोवतीचे शिष्य हसले असते, आपणही हसलो असतो. "आधी बापाला घेऊन ये" म्हटलं असतं. ऋषी काय म्हणाले? एवढं खरं बोलणारा तोच विद्येचा अधिकारी. समिधा आण बाळा, तुझं उपनयन करतो. आणि चारशे रोडक्या गाई दिल्या राखायला. सत्यकाम म्हणाला, हजार झाल्याशिवाय परत येत नाही. पुढं तोच आचार्य झाला, आणि आजही त्याला जाबाल म्हणतात, आईच्या नावानं.

ही कथा दोन माणसांसाठी आहे. एक घरातल्या मोठ्यांसाठी, की लेकराला खरं सांगा. दुसरी मास्तरासाठी, की खरं सांगणाऱ्या लेकराला जवळ घ्या. दोघांतला एक जरी चुकला तरी लेकरू उघडं पडतं.

खरं न सांगितल्यानं काय होतं, तेही महाभारतानं दाखवलं. कर्ण! राधा आणि अधिरथानं पोटच्यासारखा वाढवला. पण तो कोण, हे कुंतीनं कधी सांगितलं? युद्ध दाराशी आल्यावर! आधी कृष्णानं सांगितलं, मग ती सांगायला गेली. भर सभेत 'सूतपुत्र' म्हणून हिणवलं तेव्हा ती गप्प होती. उशिरा सांगितलेलं सत्य औषधाच्या ऐवजी बाण होऊन लागलं. पण त्याच कर्णानं कृष्णाला काय उत्तर दिलं? माझ्या मायेनं जिला पान्हा फुटला, जिनं माझं मलमूत्र काढलं, ती राधा माझी आई. तिला कसा सोडू? शेवटपर्यंत राधेय राहिला.

म्हणून दत्तक घेतलेल्या माय-बापांना हात जोडून सांगतो, लपवू नका. लहानपणीच, कृष्णाची गोष्ट सांगता सांगता, सांगा. "तू माझ्या पोटातून नाही आलास, आम्ही तुला मागून आणलास, देवापाशी हट्ट करून." लेकरू ऐकतं आणि खेळायला पळतं. पण तेच सोळाव्या वर्षी भांडणात चुलत्याच्या तोंडून कळलं, तर घर हलतं.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. १९९८ साली १ जुलैला वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. या सहा तालुक्यांत घरं कशी आहेत, डोळे उघडून बघा. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, कोणी पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात. लेकरू आजीजवळ. उन्हाळ्याच्या तोंडी माय-बाप परततात तेव्हा धाकटं ओळखत नाही, आजीच्या पदराआड लपतं. तांड्यावर पाहा, अख्खा तांडा लेकरू सांभाळतो. कुठं माय एकटी आहे, नवऱ्यानं टाकलेली, सोयाबीन काढायला मजुरीनं जाते. कुठं दोन भाऊ एका चुलीवर, वीस माणसांची पंगत. कुठं मामाच्या घरी भाचा. आणि कुठं बापानं कर्जापायी, नापिकीपायी स्वतःच्या हातानं जीव दिला. ते घर तर आपल्या वऱ्हाडात गावोगाव आहे, सांगायला नको.

त्या लेकराला आपण काय सांगतो? "बाबा गावाला गेलेत, येतील." अहो, ते रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन उभं राहतं! प्रत्येक गाडीतून उतरणारा माणूस पाहतं. ही दया आहे का? सांगा, बाळा, बाबा वारले, ते परत येत नाहीत. फार दुःखात होते. तू काही केलं म्हणून गेले नाहीत. आम्ही इथं आहोत, आम्ही कुठं जात नाही. हे शेवटचं वाक्य रोज सांगा. आणि त्या पोरीला 'पांढऱ्या पायाची' म्हणणारी जीभ गावात असेल तर तिला आवरा. चार भावंडांना संन्याशाची पोरं म्हणणारी जीभ आणि ही जीभ एकच आहे, माउली.

अंगणवाडीच्या ताई इथं बसल्या असतील, गुरुजी असतील. तुम्हाला विनंती. "तुझे बाबा काय करतात?" हा प्रश्न पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांपुढं विचारू नका. असं विचारा, "तुझ्या घरी कोण कोण राहतं? तुझी वेणी कोण घालतं? ताप आला तर उशाशी कोण बसतं?" या प्रश्नाला ज्याच्याकडं उत्तर नाही असं लेकरू विरळा. एक म्हणेल आई, एक म्हणेल आजोबा, एक म्हणेल वसतिगृहातली ताई. मग म्हणा, बघा, प्रत्येकाकडं कोणीतरी आहे. झाला धडा! आणि घराचं चित्र काढायला सांगाल तर रकाने आखून देऊ नका. कोरा कागद द्या. ज्याला म्हैस काढायची त्यानं म्हैस काढावी, तीही घरातलीच.

सरकारनंही एक चांगलं केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या कागदावर आधी लेकराचं नाव, मग आईचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. जबालेला न्याय मिळाला म्हणायचा!

कोणी म्हणेल, महाराज, असं शिकवलं तर पोरांना वाटेल कसंही घर चालतं. संसाराची किंमत राहणार नाही. तसं नाही. संसार टिकवावा, आई-बापाची सेवा करावी, हेच पुंडलिकानं शिकवलं आणि हेच मी सांगत आलो. पण मोडलेल्या घरातल्या लेकराला हिणवून कोणाचं घर जुळलं का आजवर? एकही नाही.

आणि दुसरी बाजूही सांगतो. वेगळं घर आणि वाईट घर यांत फरक आहे. बाप दारू पिऊन मायला मारतो, लेकराला उपाशी ठेवतो, त्याला 'प्रत्येकाचं घर वेगळं असतं' म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथं शेजाऱ्यानं दार वाजवावं. १०९८ हा क्रमांक लेकरांच्या मदतीसाठीच आहे, पैसे लागत नाहीत. लेकराला पाठ करून द्या. आणि ज्या लेकराला माय-बाप नाहीत, किंवा एकच आहे, त्याच्यासाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. कित्येक आज्यांना हे माहीतच नसतं. पारायण संपलं की शेजारच्या आजीला घेऊन कार्यालयात जा, अर्ज भरून द्या. तीही सेवाच.

आता शेवटी, ज्यांनी हे करून दाखवलं त्यांची नावं घेऊ. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८७४ साली एका विधवेचं लेकरू, यशवंत, दत्तक घेतलं. तो डॉक्टर झाला. पंढरपुरात, आपल्या देवाच्या गावी, १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकरांनी टाकलेल्या लेकरांसाठी आश्रम काढला, तोच पुढं नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. पंढरीला जाऊन आपण कळस पाहतो, पण असंही एक राउळ तिथं आहे, हे किती वारकऱ्यांना ठाऊक आहे? आपल्या विदर्भाच्या सिंधुताई सपकाळ, स्वतःचं घर सुटलं आणि हजारोंची माय झाल्या. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर, टाकून दिलेल्या १२३ अपंग लेकरांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली पद्मश्री मिळाली. आणि आपले गाडगेबाबा! बाप लहानपणी गेला, दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखत वाढले. मामाच्या घरचा तो पोरका पोरगा अख्ख्या महाराष्ट्राचा बाबा झाला.

आणि वारी कशासाठी आहे, माउली? दिंडीत कोण कोणाचं असतं? वाशीमची म्हातारी परभणीच्या म्हाताऱ्याचे पाय चेपते. लेकरू हरवलं तर ज्याच्या हाताला लागेल तो त्याला खांद्यावर घेतो, भाकरी भरवतो. त्याला विचारत नाही, गोत्र काय, बाप कोण. शंभर माणसं, एक चूल, एक पखवाज, आणि सगळ्यांना एकच नाव, माउली. वीस दिवस आपल्याला हे जमतं. गावी परतल्यावर का जमू नये?

म्हणून हे पुस्तक मिटण्याआधी एक करा. आज घरी नातवाला, नातीला मांडीवर घ्या आणि एवढंच सांगा. "कोणाच्या घरी दोघं, कोणाच्या घरी एक, कोणाच्या घरी आजी, कोणाच्या घरी वीस. जिथं आपल्याला कोणी जेवू घालतं, वाट पाहतं आणि चुकलं तर सांगतं, ते आपलं घर. तुझ्या वर्गात कोणाचं घर वेगळं असलं तर हसू नको, त्याला आपल्या घरी जेवायला बोलाव." आणि ते लेकरू खरंच कोणाला घेऊन आलं, तर ताट वाढा. माय-बापाची चौकशी नंतर. आधी जेवू द्या.

त्या ताटावर पांडुरंग जेवून जातो. नामदेवाच्या हातचा नैवेद्य खाल्लेला देव आहे तो.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!